नीटचे गुण आणि लष्करातली नर्स

कुरुंदवाडला घरी गेले की बारावी सायन्सची एखादी मुलगी हमखास विचारते, "ताई, मिलिटरी नर्सिंगला कसं जायचं?" वाट सांगायला सोपी आहे. लष्कराची सहा कॉलेजं, 220 जागा; त्यातल्या 40 पुण्याच्या एएफएमसीत, 40 मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीत. राहणं-खाणं, शिक्षण सरकारी, बॉण्ड लिहून द्यायचा, चार वर्षांनी लेफ्टनंट. फक्त मुलींसाठी. (मुलांनी विचारलं तर नर्सिंग असिस्टंट, तेही जवान म्हणून.) पण या वाटेवरचं फाटक मला पटत नाही.

2022 पासून हे फाटक म्हणजे नीट. त्याआधी लष्कर स्वतःची परीक्षा घ्यायचं. आता पहिली चाळण लागते ती डॉक्टर निवडायच्या परीक्षेची. मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, मेडिकल. म्हणजे नीट मराठीतून दिली तरी इंग्रजी काही चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, निवडलेल्या मुली चांगल्या नर्स होतातच की! होतात. पण त्यावरून चाळण चांगली ठरत नाही. खाली पडलेलं पीठ बघून चाळणीची परीक्षा होत नसते, वरच्या कोंड्यात किती गहू गेला तेही बघावं लागतं. आणि नीटमध्ये मागे राहिलेली मुलगी वॉर्डात कशी वागली असती, हे कुणालाच दिसत नाही. शिवाय निवडलेल्यांचे गुण एकमेकींच्या इतके जवळ असतात, की गुणांचा आणि पुढच्या कामाचा संबंध त्यांच्यात शोधणंही अवघड. आम्ही आकडेवारीत याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतो.

निकष नेमकं काय मोजतो, हे न विचारल्याची किंमत या सेवेने आधी मोजली आहे. 1988 मध्ये सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं. लग्नाचा आणि इंजेक्शन देण्याचा काय संबंध? तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं, तेव्हा 2024 उजाडलं होतं.

माझं म्हणणं एवढंच: नीट फक्त पात्रतेपुरती ठेवा, आणि खरं वजन द्या रुग्णाशी वागण्याच्या प्रात्यक्षिकाला. तोवर नीटचा फॉर्म भराच, मुलींनो. सोबत राज्याच्या बी.एस्सी. नर्सिंग सीईटीचाही भरा, त्याची तारीख वेगळी असते.