'बोट लागणे' : आगबोटीच्या बालस्मृतींविषयी

कोकणकिनाऱ्यावरील आगबोटीच्या प्रवासाविषयी मराठीत स्मृतिलेखन पुष्कळ झाले आहे. त्यातील बरेचसे लेख मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर सुरू होतात आणि बंदर दिसू लागले की संपतात. राजापूरच्या उतारूच्या बाबतीत हा आराखडा अपुरा ठरतो. सतराव्या शतकात इंग्रजांनी जेथे वखार घातली, ते राजापूर खाडी गाळाने भरत गेल्यामुळे मोठ्या जहाजांना दुरावले. आगबोट थांबे ती खाडीच्या मुखाशी, जैतापूरच्या बाजूस. तेथे पडावात उतरावयाचे आणि पुढची वाट निराळी धरावयाची. प्रवासाचा खरा कस या उत्तरार्धात होता, आणि आठवणींतून गळतो तो नेमका हाच भाग.

हे का घडते, याचा उलगडा भाषेकडे पाहिल्यास होतो. 'बोट बंदराला लागली' आणि 'मला बोट लागली' ही दोन्ही वाक्ये कोकणात घरोघर परिचित होती. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मळमळून ओकारी होणे असा. पण तेथेही क्रियापद बोटीच्या लिंगवचनाने चालते, आणि सोसणारा 'मला' म्हणून चतुर्थीत राहतो. डेकवर वळकटीला टेकून रात्र काढणाऱ्या मुलाचे स्थान व्याकरणाने असे अचूक सांगितले आहे. स्मृतिलेखात मात्र तोच मुलगा प्रथमेत येतो, कठड्याशी उभा राहतो, क्षितिज न्याहाळतो. (हे क्षितिज बहुधा पुढे वाचलेल्या पुस्तकांतले असावे.)

दुसरा दोष कालविपर्यासाचा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्यानंतर लिहिताना १९३०च्या दशकातील मुलाच्या मनावरही त्या दुर्घटनेची छाया पाडण्याचा मोह लेखकास होतो. वस्तुतः त्या मुलाची भीती निराळी : हलत्या पडावातून शिडीवर पाऊल टाकण्याची, खलाशाने दंड धरून वर खेचण्याची. ती लहान वाटते म्हणून तिच्या जागी मोठी भीती बसविली जाते, आणि लेखाची सत्यता तेथेच उणावते.

ज्या थोड्या लेखांत पडाव, तांडेल, भरती-ओहोटीची वेळ, पावसाळ्यात बंद राहणारी वाहतूक यांचे साधे उल्लेख टिकले आहेत, ते वर्णनदृष्ट्या रूक्ष असतील; परंतु राजापूरच्या खाडीतील मूल त्यांतच सापडते.