रानाची नामं, गावाची क्रियापदं

मराठी वाचकाला नागझिरा आणि नवेगावबांध आधी पुस्तकांतून भेटतात, नकाशावर नंतर. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा', किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा', मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस'. माझं उलटं झालं. मी साकोलीचा. पिटेझरी गेट घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. रान आधी पाहिलं, पुस्तकं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर वाचली. यंदा फाल्गुनाच्या शेवटी पुण्याच्या एका मित्राला घेऊन नागझिरा ते नवेगाव असा दोन दिवसांचा फेरा मारला, तेव्हा तिन्ही पुस्तकं मागच्या सीटवर होती.

मित्राला वाघ हवा होता. या पुस्तकांचं पहिलं मोठेपण इथेच कळतं. सफारीची जिप्सी तुम्हाला वाघ 'दिसला' किंवा 'नाही दिसला' एवढ्यावर आणून ठेवते, हो किंवा नाही. माडगूळकर तसं पाहत नाहीत. माणदेशातून आलेला हा लेखक चित्रकारही होता. एका जागी बसून राहणं हीच त्यांची पद्धत. पुरंदरे चारशे दिवस नागझिऱ्यात राहिले, आणि त्यांचं पुस्तक डोळ्यांइतकंच कानांनी लिहिलेलं आहे. चितमपल्ली वनाधिकारी. त्यांनी शब्द जमवले आणि नव्हते तिथे घडवले: बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार', कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार'. 18 जून 2025 रोजी ते गेले, तेव्हा अनेकांनी 'अरण्यऋषी' म्हणून निरोप दिला. मला ते भाषेतले डेटाबेसवाले वाटतात, आणि ही मी दाद देतोय.

पण गाडी चालवताना एक गोष्ट खटकत राहते. साकोलीहून सौंदड, कोहमारा करत नवेगावकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 या दोन रानांच्या मधून जातो. उत्तरेला नागझिरा, 1970 पासून अभयारण्य. दक्षिणेला नवेगाव, 1975 पासून राष्ट्रीय उद्यान. 2013 मध्ये कागदावर दोन्ही मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाले, मधून ट्रक चालूच आहेत. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' वाघ त्याच वर्षी चालत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही. त्याच्या वाटेत शेतं होती, गावं होती, रस्ते होते. आपल्या अरण्यलेखनाचा जीव मात्र गेटच्या आत रमतो. रान तिथे अखंड असतं; मी पाहतो ते तुकड्यांत आहे आणि तुकड्यांच्या मध्ये माणसं राहतात.

पिटेझरीच्या वाटेवर एक बाई मोहाखालचा पाचोळा झाडत होती. निसर्गलेखनात मोह म्हणजे वास, अस्वल, पहाट. तिच्यासाठी फूल पडतं, वेचावं लागतं, वाळवावं लागतं, विकावं लागतं. चार क्रियापदं, आणि पाचवं 'जाळणं': पाचोळा पेटवला तर फुलं चटकन दिसतात आणि वणवा लागला तर वनखातं दारात येतं. ती झाडत होती, म्हणजे जास्तीचे कष्ट तिने स्वतःवर घेतले होते. असा निर्णय आपल्या अरण्यलेखनात क्वचितच घेतला जातो.

माझा आक्षेप एवढाच आहे. या लेखनाने आमच्याकडून नामं घेतली: पक्ष्यांची, झाडांची, माशांची. क्रियापदं प्रमाण मराठीचीच राहिली. आमच्या झाडीबोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. त्या बोलीत साहित्य लिहिलं जावं म्हणून साकोलीतच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. तरी बोडी, बांधी आणि बिबट यांच्यात रोज जगणाऱ्या माणसाने स्वतःच्या वाक्यात लिहिलेलं रानाचं पुस्तक माडगूळकरांच्या शेजारी मला अजून ठेवता आलेलं नाही.

तिन्ही पुस्तकं वाचाच. नवेगावच्या तलावावर संध्याकाळी मित्राने चितमपल्ली उघडले आणि वाघाचं नावही न काढता तासभर पाणी पाहत बसला. पुस्तकाने याहून जास्त काय करायचं? पण साकोली, सडक अर्जुनी, देवरीकडे कुणी हे वाचत असेल, तर त्याला माझी वेगळी विनंती आहे. फोनमध्ये वाघाचे फोटो पुष्कळ झाले. आजी मोह वेचताना काय बोलते, ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव.