चान्या, चूल आणि गळालेला 'अ'

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आलं. जेवणाआधी पोरांकडून म्हणवून घेतात त्या श्लोकातल्या 'पूर्णब्रह्मा'च्या पोटात त्यांनी एक 'अ' घुसवला आणि अख्ख्या पंगतीला प्रश्न टाकला. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटात काय पडत होतं, ते कसं शिजत होतं, हे पुस्तक सांगतं. २०२४ साली भूषण कोरगांवकरांनी ते इंग्रजीत नेलं. तिथं नाव झालं 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. पुस्तक इंग्रजीत गेलं याचा मला आनंद आहे. माझं भांडण त्या नावाशी आहे. ते चान्यांच्या निमित्तानं मांडतो.

चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. कृती सोपी दिसते. बिनहाडाचं मांस घ्या, चरबी काढा, बोटभर रुंदीच्या लांबच लांब पातळ पट्ट्या कापा. मीठ-हळद चोळून दोरीवर टाका. कडक उन्हाचे तीन-चार दिवस. वरून जुन्या लुगड्याचं फडकं, माशा बसू नयेत म्हणून. माझी आई पट्टी वाकवून बघायची. म्हणायची, "वाकली तर आजून एक ऊन दे. मोडली की भर गाडग्यात." मग लागेल तेव्हा निखाऱ्यावर भाजायची, नाहीतर चमचाभर तेलात परतायची. कुडूमकुडूम वाजते. कालवणच हवं तर भिजवून रस्सा.

आता कुणी याला कुरकुरीत चखणा म्हणेल. म्हणू दे. पण ती कुरकुर आली कुठून? गावात ढोर मेलं की ओढायचं काम महाराचं. एका दिवशी मांसाचा ढीग, पुढं महिनाभर कोरड्यास म्हणून काही नाही. पाणी गेलं की मांस सडत नाही, एवढं शास्त्र बायांना ठाऊक होतं. ऊन फुकट होतं. ते गावकीला अडवता आलं नाही. चान्या ही जिभेची कृती नव्हे, उद्याच्या भुकेची कृती आहे.

आमच्यातलेच काही विचारतात: बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, मग हे पुन्हा कशाला उकरता? प्रश्न खरा आहे, टाळू नये. बाबासाहेबांनी ती लाचारी सोडायला सांगितली. ती कशी होती हे विसरायला सांगितलं नाही. १९४८ साली 'द अनटचेबल्स'मध्ये अस्पृश्यतेचं मूळ शोधताना त्यांनी स्वतः गोमांसाचाच प्रश्न हाती घेतला. तेव्हा लिहायचं ते मिरवायला नव्हे, साक्ष द्यायला.

आणि ही साक्ष जुनी झालेली नाही. १९७२च्या दुष्काळात आमचं घर मराठवाड्यातून घाटकोपरच्या वस्तीत आलं. इथं मेलेलं ढोर नाही. दुकानातून रोख पैशानं म्हशीचं मांस येतं. २०१५ साली, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच साली, राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात नाही. म्हणजे चान्या करायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी नाकाची आहे. घाटकोपर-मुलुंडला भाड्यानं खोली बघायला जा, आडनावानंतरचा प्रश्न 'व्हेज ना?' असतो. पत्र्यावर चान्या वाळायच्या. बिल्डिंगच्या गच्चीवर पापड वाळतात, कुरडया वाळतात. चान्या वाळत घालून बघा. वाळवणालासुद्धा जात असते राव.

म्हणून म्हणतो, 'किचन' हा शब्द घात करतो. आमच्याकडे किचन कधी होतं? तीन दगडांची चूल, तीही पाऊस आला की आत, ऊन पडलं की बाहेर. किचन म्हटलं की वाचक पाहुणा होतो. चव घेतो, तोंड पुसतो, निघतो. 'अपूर्ण' म्हटलं की त्याला थांबून विचारावं लागतं: कुणी ठेवलं अपूर्ण?

पुस्तक जरूर वाचा. कुणाच्या घरी ऊन आणि दोरी असेल तर चान्याही करा. पण जो 'अ' इंग्रजीच्या वाटेवर गळाला, तो वाचताना आपल्या हातानं परत लिहा.