चौकटींचा गजबजाट आणि ब्राउझरची उपेक्षा

रिअ‍ॅक्ट या पडदे घडवण्याच्या तयार चौकटीच्या (फ्रेमवर्कच्या) चमूने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे साधन नव्या प्रकल्पांसाठी बाद ठरवले, तेव्हा २०१६ पासून ज्यावर असंख्य नवशिक्यांचा श्रीगणेशा झाला त्याची जागा आता कोण घेणार, याचीच चर्चा रंगली; एवढ्या कष्टाने मिळवलेले ज्ञान नऊ वर्षांच्या आत शिळे का व्हावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. फ्रंट-एंड, म्हणजे संकेतस्थळाचा पडद्यावर दिसणारा आणि वापरणाऱ्याच्या हाताला प्रतिसाद देणारा भाग, घडवण्याच्या कलेचे आजचे दुखणे या टाळलेल्या प्रश्नातच आहे.

रिअ‍ॅक्टचे ऐतिहासिक कार्य नाकारण्याचे कारण नाही. माहिती बदलली की पडद्याचा एकेक तुकडा हाताने बदलत बसण्याच्या, ‘जेक्वेरी’ या जुन्या लायब्ररीच्या काळातील जाचातून त्याने २०१३ नंतर या व्यवसायाची सुटका केली. परंतु गुंतागुंतीच्या अ‍ॅपसाठी योजलेला उपाय पुढे साध्या मजकुराच्या पानांनाही लावला जाऊ लागला आणि अपवादाचा नियम झाला. घटकांचे काम सर्व्हरवरच उरकून ब्राउझरकडे केवळ फलित पाठवणारे ‘सर्व्हर कम्पोनन्ट’ हे रिअ‍ॅक्टमधील नवे पर्व, सर्व्हरवरच पान तयार करणाऱ्या पीएचपीच्या पिढीला ओळखीचे वाटावे असे आहे, आणि परक्या माणसाला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू देणारा, तीव्रतेच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा गुण मिळवणारा दोष डिसेंबर २०२५ मध्ये त्यातच उघड झाला. बदललेल्या मूल्यावर अवलंबून असलेला भागच तेवढा ताजा करणारे सिग्नल ही सुबक कारागिरी असली, तरी ती सोडवते तो प्रश्न, माहितीप्रमाणे पडदा बदलण्याचा, जुनाच आहे. पानाची सजावट तयार नावे जोडून करू देणाऱ्या टेलविंडने सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, न शिकण्याला प्रतिष्ठा दिली, याहून त्याच्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

खरे नवल याच काळात ब्राउझरच्या आत घडले आहे. पानाची आडवी-उभी मांडणी एकाच व्यवस्थेत बसवणारे सीएसएसचे ग्रिड २०१७ मध्ये आले. मागचे पान निष्क्रिय करणारी, कळफलकाचा रोख आपल्याकडे खेचणारी आणि एस्केप कळ दाबताच मिटणारी ‘डायलॉग’ ही संवादखिडकी मार्च २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. संपूर्ण पडद्याऐवजी स्वतःला मिळालेल्या जागेनुसार घटकाचे रूप बदलू देणाऱ्या कंटेनर क्वेरी २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वत्र पोहोचल्या, आणि पोटात काय आहे हे पाहून बाहेरच्या घटकाचे रूप ठरवणारा ‘हॅज’ हा निवडकर्ता (सिलेक्टर) त्याच वर्षाच्या डिसेंबरात. ज्या कामांसाठी पूर्वी एकेक लायब्ररी जोडावी लागे, ती कामे आता चार ओळींत होतात, आणि मुख्य म्हणजे या ओळी पुढेही चालत राहतात, कारण वेबच्या मानकांत एकदा आलेली गोष्ट मोडू नये, असा ब्राउझरांचा सर्वसाधारण दंडक आहे. कोणतीही चौकट असे वचन देत नाही.

मराठी पानांपुरते पाहिले तरी या ज्ञानाचे मोल कळते. पानाची भाषा मराठी असल्याची खूण एचटीएमएलमध्ये केली, तर तशी सोय असलेल्या फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाने उमटतात आणि दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो; अक्षरांत इंग्रजीच्या सवयीने अंतर घातले की शिरोरेषा तुटते, आणि ओळी इंग्रजीच्या मापाने जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. यातले काहीही चौकट शिकवत नाही.

तरीही नोकरीच्या जाहिराती चौकटींची नावे मागतात, क्लास तीच शिकवतात आणि बटणाच्या जागी क्लिक जोडलेला ‘डिव्ह’, म्हणजे स्वतःचा काहीही अर्थ नसलेला कोरा कप्पा, वापरणारा उमेदवार मुलाखतीत उत्तीर्ण होतो, जरी त्या कप्प्यापर्यंत कळफलकाने पोहोचता येत नाही आणि ते बटण आहे हे स्क्रीन रीडरला कळत नाही. वेबएम या संस्थेच्या २०२५ च्या स्वयंचलित तपासणीत दहा लाख मुखपृष्ठांपैकी ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही पान वापरता येण्याबाबतचे, दोष आढळले. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला असताना, या अज्ञानाला केवळ तांत्रिक उणीव म्हणून सोडून देता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता नवशिक्यांच्या नोकऱ्या गिळेल ही भीती खरी असली, तरी ती नेमकी कोणासाठी खरी आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. रिअ‍ॅक्ट आणि टेलविंडचा ठरीव साचा कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सर्वांत सहज लिहितात, कारण त्यांच्यासमोर त्याचे भरपूर नमुने आले आहेत. म्हणजे बाजाराने ज्या कौशल्याला वर्षानुवर्षे पगार दिला, तेच सर्वांत आधी स्वस्त होणार आहे. यंत्राने लिहिलेले पान स्वस्त फोनवर का अडखळते, कळफलकाचा रोख कुठे हरवतो, दोन हजार ओळींऐवजी वीस का पुरल्या असत्या, हे ओळखण्यासाठी ब्राउझर जाणणारा माणूसच लागेल. म्हणून अभ्यासक्रमांनी एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांना पहिल्या आठवड्याची औपचारिकता न मानता पहिले वर्ष द्यावे आणि चौकटी त्यानंतर शिकवाव्यात. हा क्रम उलटा ठेवणाऱ्या संस्था विद्यार्थ्यांचे शुल्क घेऊन त्यांना यंत्राशी हरण्याच्याच स्पर्धेत उतरवत आहेत.