कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि कुटुंबाची कायदेशीर ओळख : एक चिकित्सा

इंदूरच्या कृष्णपुरा भागात नदीकाठी होळकरांच्या छत्र्या उभ्या आहेत. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची ही स्मारके वंशाची परंपरा सांगतात. परंतु वंशाचे नाते कोण ठरवतो, हा प्रश्न शिवाजीरावांच्या पुढील दोन पिढ्यांत उभा राहिला.

शिवाजीरावांचे पुत्र तिसरे तुकोजीराव यांच्या दरबारातील नर्तकी मुमताज बेगम हिने इंदूर सोडले. १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर तिला पळवून नेण्याच्या प्रयत्नात व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. मात्र मुमताजचा दरबाराशी असलेला संबंध कोणत्याच कायद्याने नाते म्हणून मानला नव्हता.

१९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्यापूर्वी नाशिक येथे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेऊन शर्मिष्ठादेवी हे नाव देण्यात आले आणि धनगर समाजात सामावून घेण्यात आले. म्हणजे नात्याला मान्यता मिळाली ती व्यक्तीची ओळख बदलून. येथे तुलना उद्बोधक ठरते : सुन्नी फिकहनुसार मुस्लिम पुरुषाच्या किताबिया स्त्रीशी होणाऱ्या निकाहास तिच्या धर्मांतराची अट नाही, मुस्लिम स्त्रीला मात्र तशी मोकळीक नाही. मर्यादा प्रत्येक व्यवस्थेत आहेत.

तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव १९६१ मध्ये वारले. त्यांना अमेरिकन पत्नीपासून एक पुत्र होता. तरीही संविधानाच्या अनुच्छेद ३६६(२२) प्रमाणे संस्थानिकाची मान्यता राष्ट्रपतींच्या हाती असल्याने शासनाने कन्या उषाराजे यांना वारस मानले. कन्येला मान मिळाला, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु कुटुंबात मुलगा असणे आणि शासनदरबारी वारस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून स्पष्ट होते. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ही मान्यताच संपुष्टात आणली.

लोकप्रिय लेखनात पहिले प्रकरण कलंककथा, तर दुसरे प्रेमकथा म्हणून रंगवले जाते. त्यामुळे मान्यतेचा प्रश्न झाकला जातो. तो आजही सुटलेला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. त्या याचिकांत अमेरिकेत विवाह करून विदेशी विवाह अधिनियम, १९६९ खाली नोंदणी मागणारे एक जोडपेही होते. मात्र भिन्नलिंगी नात्यातील तृतीयपंथी व्यक्ती प्रचलित कायद्यांनुसार विवाह करू शकतात, असे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे प्रचलित चौकटीत बसणाऱ्यालाच दार उघडे, हा शर्मिष्ठादेवींच्या वेळचा नियम कायम आहे.

विवाहाचे स्वरूप काय असावे, याविषयी अध्यापकांत मतभेद असू शकतात आणि धर्मश्रद्धेचा आदर राखूनच ते मांडले जावेत. तथापि सीमा ओलांडताच पत्नी, पती वा अपत्य कागदावरून नाहीसे होऊ नये, एवढी न्यायाची किमान मागणी मान्य करण्यास कोणत्याही श्रद्धेची अडचण नसावी.