उभय हस्तांचे वाद्य आणि डावखुरा वादक

लॉस एंजेलिस येथील जॅझ-गिटारवादक एमेट चॅपमन (१९३६–२०२१) यांना १९६९ मध्ये तंतुवाद्य-वादनाची एक निराळी रीत सापडली. त्या रीतीला अनुरूप असे वाद्य त्यांनी घडविले आणि १९७४ पासून ते इतरांसाठी तयार करावयास प्रारंभ केला. 'चॅपमन स्टिक' या नावाने ते ओळखले जाते. 'किंग क्रिम्झन' या वृंदाच्या 'डिसिप्लिन' (१९८१) या ध्वनिमुद्रिकेत टोनी लेव्हिन यांनी ते वाजविले, आणि त्यामुळे ते पुष्कळांच्या कानी पडले. या वाद्याची तार छेडावयाची नसते. पडद्याच्या अलीकडे तारेवर बोट चपळाईने टेकविले की तार पडद्यावर आदळते आणि स्वर उमटतो. बोट उचलले की तो थांबतो. मोकळ्या तारा आपोआप गुंजू नयेत म्हणून खुंट्यांकडील टोकाशी त्यांना दाबून धरणारी योजना असते. दोन्ही हातांनी करावयाचे काम हे एवढेच, आणि एकच.

यावरून असे प्रतिपादन केले जाते की, या वाद्याला डावे-उजवे नाहीच. दोन्ही हात समान असल्यामुळे डावखुऱ्या माणसाने वेगळी मांडणी मागण्यास काही कारण उरत नाही. हे प्रतिपादन आकर्षक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते अर्ध्यावर संपते. डावखुऱ्या विद्यार्थ्याला पुढील कित्येक वर्षांच्या परिश्रमांची दिशा ठरवावयाची असते, आणि त्याचा प्रश्न नेमका उरलेल्या अर्ध्या भागात दडलेला आहे.

सतार, गिटार, व्हायोलिन या वाद्यांत दोन हातांची कामे भिन्न असतात. एक हात तारेला जागे करतो, दुसरा स्वराचे स्थान निश्चित करतो. रूढ मांडणीत पहिले काम उजव्या हाताकडे असते आणि दुसरे डाव्याकडे. येथे एक विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोटांच्या बारीक, वेगवान हालचालींचे काम ज्या हाताकडे आहे तो डावा, आणि तरीही ते वाद्य 'उजव्या हाताचे' म्हणविले जाते! हात कोणता यापेक्षा काम कोणते हाच खरा प्रश्न आहे, हे व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश यांच्या उदाहरणावरूनही दिसून येते. बालपणी डाव्या हाताच्या बोटाला इजा झाल्यामुळे त्यांनी गज डाव्या हाती घेतला, आणि पुढे आपल्या नावाच्या चतुष्टयाचे नेतृत्व त्याच रीतीने केले.

गिटारच्या क्षेत्रात डावखुऱ्यांनी तीन वाटा चोखाळलेल्या आढळतात. मार्क नॉफ्लर यांनी रूढ मांडणी आहे तशी स्वीकारली. जिमी हेंड्रिक्स यांनी उजव्या हाताची गिटार उलटी धरली, पण तारा डावखुऱ्या क्रमाने पुन्हा चढविल्या. तिसरी वाट सर्वांत विलक्षण आहे. एलिझाबेथ कॉटन यांनी वाद्य उलटे केले आणि तारा तशाच ठेवल्या. परिणामी खर्जाच्या तारा बोटांकडे गेल्या व सुरावटीच्या तारा अंगठ्याकडे आल्या. इतरांचा अंगठा जे काम करतो ते त्यांची बोटे करू लागली, आणि बोटांचे काम अंगठा. या अदलाबदलीतून जे वादन निर्माण झाले त्याला त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. अडचणीतून शैली जन्मास आली असे म्हणावयास येथे निश्चित आधार आहे. मात्र त्यावरून अडचण इष्ट होती असा निष्कर्ष काढता येणार नाही.

आपल्याकडील वाद्यांत ही तिसरी वाट सर्वत्र खुली नाही. सतारीच्या चिकारी, तरफा आणि दांडीच्या बाजूच्या खुंट्या अशा रचलेल्या असतात की डावखुऱ्यासाठी वाद्य नव्यानेच घडवावे लागते. तबल्यात उलट सारेच सोपे : दोन नग जागा बदलतात, काम झाले. भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक गंमतही दिसेल. हिंदीत तबल्याच्या जोडीतील एकाला 'दायाँ' म्हणतात. डावखुरा वादक तो डाव्या हाताने वाजवतो, तरीही त्याचे नाव 'दायाँ'च राहते. म्हणजे शब्द हाताचा वाचक राहिलेला नाही, तो वाद्याचा वाचक झाला आहे.

आता स्टिकच्या रचनेकडे वळावयास हवे, कारण वादाचा निर्णय तिच्या तपशिलांतच आहे. मूळ रूपातील वाद्यात दहा तारा असतात. त्यांचे पाच-पाचांचे दोन गट. सुरावटीच्या गटात लगतच्या दोन तारांमध्ये शुद्ध मध्यमाचे अंतर असते, खर्जाच्या गटात पंचमाचे. खर्जातील सर्वांत खालच्या स्वराची तार दांडीच्या मध्यावर असते आणि तेथून कडेकडे जावे तसे दोन्ही गटांतील स्वर चढत जातात. वाद्य जवळजवळ उभे, खांद्याशी तिरपे धरलेले असते. डावा हात एका बाजूने येतो, उजवा दुसऱ्या बाजूने, आणि दोन्हींची बोटे पडद्यांना समांतर राहतात. जिमी वेबस्टर यांनी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या स्पर्शपद्धतीतही दोन्ही हात दांडीवर होते. परंतु दोन्ही हातांची ही सारखी, समोरासमोरची बैठक हे चॅपमन यांचे वैशिष्ट्य होय.

या बैठकीचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. दोन्ही हातांच्या तर्जनी खुंट्यांच्या बाजूस असतात आणि करंगळ्या घोडीच्या बाजूस. तेव्हा एकाच तारेवर स्वर चढवीत जाताना डाव्या हातातही क्रम तर्जनीकडून करंगळीकडे असतो, उजव्यातही तोच. पियानोवर असे होत नाही. तेथे स्वर डावीकडून उजवीकडे चढतात. उजवा हात अंगठ्याकडून करंगळीकडे चढतो आणि डावा करंगळीकडून अंगठ्याकडे. डाव्या-उजव्याचा भेद पियानोच्या पट्टीतच कोरलेला आहे, आणि म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश वादक क्रिस्टोफर सीड यांना उलट्या पट्टीचा पियानोच घडवून घ्यावा लागला. स्टिकवर स्वरांची चढती दिशा वरून खाली आहे, आणि वर-खाली या अक्षाला कोणताही हात जवळचा नाही वा दूरचा नाही. त्रुबेत्स्कॉय यांच्या वर्णविचारातील संज्ञा योजावयाची तर विशिष्ट स्थानी विरोधाचे निरसन व्हावे तसे येथे झाले आहे.

परंतु हे निरसन तारेच्या लांबीपुरतेच आहे. तारांच्या आडव्या दिशेने पाहिले की विरोध पुन्हा उभा राहतो : खर्ज डाव्या हाताकडे, सुरावट उजव्याकडे. ही वाटणी पियानोच्या वाटणीशी तंतोतंत जुळते. पियानोत ती पट्टीच्या रचनेतून अपरिहार्यपणे येते. स्टिकमध्ये तिला तशी कोणतीही अपरिहार्यता नाही. दोन गटांच्या जागा बदलल्या तरी दांडी तीच, पडदे तेच, आघातही तोच. म्हणजे जे वाद्य हातांच्या समानतेचा पुरस्कार करते, त्यातच एक जुना संकेत परक्या वाद्याकडून येऊन राहिला आहे. 'येथे डावे-उजवे नाही' असे म्हणणाऱ्याच्या तो दृष्टीस पडत नाही, कारण तो त्याला सोयीचा असतो. जो संकेत अंगाला बसतो तो संकेत वाटत नाही, निसर्ग वाटतो.

भाषाशास्त्रात चिन्हित आणि अचिन्हित असा भेद केला जातो तो येथे उपयोगी पडावा. 'गिटार' म्हटले की उजव्या हाताची. दुसरीला 'डावखुरी गिटार' असे विशेषण लावावे लागते. अचिन्हित पद दुहेरी काम करते : ते एका प्रकाराचे नाव असते आणि संपूर्ण जातीचेही. मराठीतील 'उजवा' हा शब्द संस्कृत 'ऋजु'शी, म्हणजे सरळपणाशी, नाते सांगतो, आणि 'त्याच्याहून उजवा' म्हणजे अधिक चांगला. उलट डाव्या हाताच्या वाट्याला 'डावलणे' आले, आणि क्षुल्लक काम तेवढे 'डाव्या हातचा मळ' ठरले. स्टिकची रूढ मांडणी तटस्थ म्हणून सांगितली जाते तेव्हा अचिन्हिताला तटस्थ समजण्याचीच ही चूक घडत असते.

दुसरा युक्तिवाद वरकरणी डावखुऱ्याच्या बाजूचा आहे. त्याचा डावा हात मुळातच कुशल. तेव्हा खर्जाची व तालाची धुरा त्या हाताकडे असणे हा त्याला लाभच, असे सांगितले जाते. गिटारविषयीही डावखुऱ्या विद्यार्थ्याला हेच ऐकविण्यात येते. पण कुशल हात डावीकडच्या कामी असणे हा जर खरोखर लाभ असेल, तर उजव्या हाताच्या बहुसंख्य वादकांनी आपली वाद्ये केव्हाच उलटी करून घ्यावयास हवी होती. त्यांनी तसे केलेले नाही. जो नियम केवळ दुसऱ्याची समजूत घालण्यापुरता पाळला जातो, त्याला नियम म्हणणे कठीण आहे.

शिवाय 'कुशल हात' ही कल्पना समजली जाते तितकी एकसंध नाही. ओल्डफील्ड यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत हाताचा कल दहा कृतींवरून अजमावला आहे. लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री चालविणे येथपासून झाडू धरताना वरचा हात कोणता, काडी ओढताना कोणता, येथपर्यंत. उत्तर 'डावा' किंवा 'उजवा' असे न येता कमी-अधिक प्रमाणात येते. त्या दहांत वाद्यवादन नाही. डाव्या हाताने लिहिणारा उजव्याने चेंडू फेकतो अशी माणसे विरळ नाहीत. मग सुरावट कोणत्या हाताला साधेल हे लेखणीवरून कसे ठरवावे?

तिसरा पक्ष संपूर्ण प्रतिबिंबाचा. त्याच्या विरोधात लेखनाचा दाखला दिला जाण्याचा संभव आहे : डाव्या हाताने देवनागरी लिहिताना ओली शाई हाताखाली येते, तरी कोणी लिपी उलटी करा असे म्हणत नाही. हा दाखला लागू पडत नाही. लिपी वाचकासाठी असते आणि तिची दिशा कागदावर शिल्लक राहते. स्वर कोणत्या हाताने काढला याची खूण स्वरात राहत नाही. श्रोत्याच्या बाजूने पाहता डावखुऱ्यावर कोणतेच बंधन उरत नाही. बंधने आहेत ती शिक्षणाची आणि व्यवहाराची, आणि ती क्षुल्लक नव्हेत. बोटांच्या आकृत्या रूढ मांडणीच्या असतात. दुसऱ्याचे वाद्य प्रसंगी हाती घेता येत नाही. स्वतःचे विकावयाचे झाल्यास ग्राहक थोडे. (शिक्षकासमोर बसून शिकणाऱ्याला मात्र प्रतिबिंब-मांडणी सोयीचीच पडते, त्याला शिक्षक आरशात पाहावा तसा दिसतो.) रूढ मांडणी घ्यावी असे सांगणाऱ्यांनी ही कारणे उघडपणे पुढे करावीत. ती पुरेशी बळकट आहेत. त्यांना निसर्गाचा टेकू देण्याचे प्रयोजन नाही.

प्रतिबिंबाचेही दोन प्रकार करावे लागतील, जे चर्चेत सहसा एकत्र मिसळले जातात. पहिल्यात वाद्य नेहमीसारखेच धरावयाचे व तारांचे गट तेवढे बदलावयाचे. दुसऱ्यात धरण्याचा खांदा आणि कलही बदलावयाचा. पहिल्यासाठी तारांच्या जाडीप्रमाणे त्यांचे आधार पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. त्याहून मोठा बदल असा की मध्यमाच्या अंतरांचे आकार डाव्या हाताला शिकावे लागतात आणि पंचमाच्या अंतरांचे उजव्याला. ज्याने आधी काही वर्षे रूढ गिटार वाजविली आहे त्याची डावी बोटे पडद्यांना सरावलेली असतात. त्याने हा खटाटोप करण्यात फारसा अर्थ नाही. ज्याने कोणतेच तंतुवाद्य हाती धरलेले नाही त्याची गोष्ट वेगळी, आणि त्याला सरसकट रूढ मांडणीकडे ढकलणे न्याय्य ठरत नाही.

अशा नवशिक्यासाठी पेटीचा प्रयोग उद्बोधक ठरावा. पेटीवर भाता कोणत्याही हाताने हलविता येतो, पण पट्टीतील स्वरांची दिशा बदलत नाही. त्यामुळे 'कोणता हात गातो' आणि 'स्वर कोणीकडे चढतात' हे दोन प्रश्न तेथे आपोआप वेगळे होतात. परिचित चाल गुणगुणत तिचे स्वर पट्टीवर शोधू लागावे, आणि काही दिवस दोन्ही हातांना आळीपाळीने ती संधी द्यावी. चाल अडखळते तेव्हा तो नकळत कोणता हात पुढे करतो, ते त्याच्या शिक्षकाने पाहावे.