‘माय ब्रदर निखिल’ : चित्रपट संपतो तिथून पुढचा धडा

एड्स शिकवायचा म्हटले की आपण फळ्यावर दोन याद्या लिहितो : रोग कशाने पसरतो आणि कशाने पसरत नाही. मुले त्या पाठ करतात, परीक्षेत बिनचूक लिहितात. पण म्हणून मनातली भीती जाते का? मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क भागात राहणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना हाच प्रश्न पडला होता. म्हणून आम्ही एका घरी जमून ओनीर यांचा ‘माय ब्रदर निखिल’ (२००५) हा हिंदी चित्रपट पाहिला. तो नववीच्या पुढच्या मुलांना दाखवावा का, हे ठरवायचे होते.

कथा गोव्यातली, १९९४ पर्यंतची. निखिल (संजय सुरी) हा जलतरणपटू. त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळताच आईवडील, मित्र सारेच दुरावतात. सरकार त्याला पकडून एकांतात कोंडते. बहीण अनामिका (जुही चावला) आणि जोडीदार नायजेल (पूरब कोहली) तेवढे सोबत उभे राहतात.

चित्रपटातला सर्वांत बोलका प्रसंग तलावातला. निखिल पाण्यात उतरताच बाकीचे बाहेर पडतात. इथे चित्रपट थांबवावा आणि मुलांना विचारावे : ही माणसे का पळाली? मग विज्ञान सांगावे. हा विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. शरीराबाहेर तो लवकरच निष्प्रभ होतो आणि धड त्वचेतून आत शिरत नाही. तो पसरतो असुरक्षित लैंगिक संबंधांतून, बाधित रक्तातून, दूषित सुयांतून आणि आईकडून बाळाला. एकत्र पोहणे, जेवणे, एका बाकावर बसणे यांतून तो पसरत नाही. डासाच्या पोटात तो टिकत नाही, म्हणून डासांमुळेही नाही. पाठ केलेली यादी मुलांना इथे खऱ्या अर्थाने कळते.

दुसरा गुण असा, की लागण कशी झाली यावर चित्रपट अडून बसत नाही. ‘कशी झाली?’ या प्रश्नाआड बहुधा ‘चूक कोणाची?’ हाच प्रश्न दडलेला असतो.

आता तक्रारी. निखिलच्या मागे एक खरा माणूस आहे : गोव्याचा डॉमिनिक डिसोझा. तो जलतरणपटू नव्हता. नेमाने रक्तदान करणारा होता. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीत लागण आढळली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये, त्याला नीट काही सांगण्याआधीच, पोलिसांनी त्याला नेले. क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात त्याला ६४ दिवस एकटे ठेवले. १९८७ च्या दुरुस्तीनंतर गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदाच तसे सांगत होता. त्याची आई लूसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. त्याची सुटका झाली, पण न्यायालयाने कायदा वैध ठरवला. रक्तदात्याचा जलतरणपटू झाल्याने पडद्याला तलाव मिळाला, पण एक महत्त्वाचा मुद्दा मागे पडला. चांगल्या हेतूने केलेल्या तपासणीची माहिती पोलिसांकडे जाते, तेव्हा लोक तपासणीच टाळू लागतात. म्हणजे कोंडून ठेवण्याने रोग आटोक्यात येत नाही, उलट लपतो. ही खरी हकिकत शिक्षकाने जोडून सांगायला हवी.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. निखिलही शेवटी जातो. त्या काळाशी हे प्रामाणिक आहे, कारण तीन औषधे एकत्र देण्याचा परिणामकारक उपचार १९९६ च्या सुमारास आला. पण आमच्यातल्या एका बाईंनी विचारले, “वर्गात एखादे मूल असे असेल, की ज्याची आई रोज ही गोळी घेते. त्याने या शेवटातून काय घ्यायचे?” आम्ही सगळेच गप्प झालो.

उत्तर चित्रपटात नाही, ते आपण द्यायचे आहे. एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही त्याने प्रतिकारशक्ती फार खालावल्यानंतरची अवस्था. विषाणू शरीरात असूनही वेळेवर उपचार घेणारा माणूस त्या अवस्थेला पोहोचेलच असे नाही. भारतात सरकारने ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून लागण कळताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. औषधाने विषाणू पुरता नष्ट होत नाही, म्हणून ते रोज व जन्मभर घ्यावे लागते. पण रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार घेणाऱ्या आईचे बाळही बहुतेक वेळा लागणीवाचून जन्मते. आणि निखिलला जसे कोंडले, तसा भेदभाव आज बेकायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, लागण आहे म्हणून शाळाही कोणाला प्रवेश नाकारू शकत नाही.

तेव्हा आमचे मत असे : चित्रपट जरूर दाखवावा, पण एकटा नको. दोन तासिका ठेवाव्यात. पहिल्या तासिकेत तलावाचा प्रसंग आणि त्यावर चर्चा. दुसरीत १९९४ नंतरची ही हकिकत. कोणाच्या घरी काय आहे हे मात्र वर्गात चुकूनही विचारू नये. ज्या मुलाला विचारायचे असेल, ते तास संपल्यावर येईल. त्या वेळी आपल्यापाशी खरे उत्तर असावे.